तिरप्या रेषांची भाषा

कलिंगड आतून कसे आहे हे पाहावयाचे तर आपण त्यास काप देतो. यंत्राचा भाग मात्र तयार होण्यापूर्वीच आतून कसा असेल हे सांगावे लागते; म्हणून तो कागदावर कापावा लागतो. आरेखक कल्पनेची करवत चालवतो, पुढचा अर्धा भाग दूर सारतो आणि उरलेल्याचे चित्र काढतो. यास छेदचित्र म्हणतात. करवत जेथे धातूमधून गेली तेथे समांतर तिरप्या रेषा ओढावयाच्या आणि जेथे पोकळी होती ती जागा कोरी ठेवावयाची, असा संकेत आहे. कारखान्यात या रेषांना हॅचिंग म्हणतात. तोच शब्द आपणही वापरू.

एकोणिसाव्या शतकात हे काम पुष्कळदा रंगांनी होत असे. ओतीव लोखंडास करडा, घडीव लोखंडास निळा, पोलादास जांभळा, पितळेस पिवळा, असे हलके हात कापलेल्या भागावर दिले जात. पुढे १८४२ साली जॉन हर्शेल यांनी शोधलेल्या प्रक्रियेतून निळ्या नकलांची, म्हणजे ब्लूप्रिंटची, पद्धत रूढ झाली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा तेवढ्या उमटत. रंग काही उतरत नसत. मग रंगांचे काम रेषांकडे आले.

येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले. परंतु आपणांस काही रंगांतील भेद ओळखता येत नाही हे ध्यानी आल्यावर त्यांनी रंग सोडले व यांत्रिक आरेखन धरले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हाच विषय शिकविला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. रंगांवाचून, केवळ रेषांनी वस्तूचे अंतरंग सांगता येते, ही या विद्येची थोरवी होय.

या भाषेचे व्याकरण थोडके, पण कडक आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या 'एसपी ४६' या पुस्तिकेत ते दिलेले आहे. रेषा बारीक असाव्यात आणि भागाच्या अक्षाशी किंवा मुख्य कडांशी सामान्यतः ४५ अंशांचा कोन करणाऱ्या असाव्यात. समजा, बिडाच्या खोक्यात पितळेचा बुश आहे आणि त्यातून पोलादी दांडा गेला आहे. खोक्याच्या रेषा उजवीकडे कलत असतील, तर बुशाच्या डावीकडे कलाव्यात, म्हणजे दोन भागांची सीमा नजरेस पडते. खोक्याचा तुकडा चित्रात चार ठिकाणी दिसला तरी चारही ठिकाणी रेषांचा कल व अंतर एकच हवे. दांडा, बोल्ट, चावी हे भाग लांबीच्या दिशेने कापले तरी त्यांवर हॅचिंग करीत नाहीत. त्यांच्या पोटात सांगण्यासारखे काही नसते.

१९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले, आणि संगणकाने टी-स्क्वेअरची जागा हळूहळू घेतली. आता आरेखक बंदिस्त आकृतीच्या आत एका बिंदूवर खूण करतो, आणि क्षणात ती आकृती रेषांनी भरते. 'ॲन्सी ३१' हा नेहमीचा नमुना म्हणजे ४५ अंशांच्या रेषा. मेट्रिक मापात त्यांतील मूळ अंतर ३.१७५ मिलिमीटर, म्हणजे एक अष्टमांश इंच असते. हे अंतर प्रमाणाने कमीजास्त करता येते. प्रमाण फार लहान ठेवले तर जागा काळीठिक्कर दिसते. फार मोठे ठेवले तर रेषाच सापडत नाही. सीमारेषेत केसाएवढी फट राहिली तरी संगणक बहुधा अडून बसतो, कारण आत कोणते आणि बाहेर कोणते हे त्यास कळत नाही. हॅच सीमेशी जोडलेला ठेवला असेल, तर पुढे आकार बदलल्यावर रेषाही आपोआप बदलतात. ही सोय खरोखर मोठी आहे.

पण सोय म्हणजे समज नव्हे. चंदीगडच्या वेशीवरील झिरकपूर येथे कोणी एका बेअरिंगच्या खोक्याचे चित्र काढले, आणि ते ओतण्यासाठी कोल्हापूरच्या फाउंड्रीत आले, असे समजू. एकाची बोली पंजाबी, दुसऱ्याची मराठी. दोघांमध्ये दुभाषा तो कागद. त्या खोक्यास आधार म्हणून एक पातळ पडदी आहे, आणि छेद तिच्या लांबीवरून गेला आहे. नियमाप्रमाणे अशा पडदीवर हॅचिंग करावयाचे नसते. आरेखकाने घाईने आतल्या बिंदूवर खूण केली आणि संगणकाने पडदीसह सारी जागा भरून टाकली. आता वाचणाऱ्यास तेथे पातळ भिंत नव्हे, भरीव गोळा दिसतो. दुसऱ्या दृश्याशी ताडून न पाहता साचा तसाच घडला, तर ओतकाम जड होते. शिवाय जाड भागातील रस सर्वांत शेवटी थिजतो, आकुंचन पावतो आणि पोटात पोकळी राहू शकते. वरून ठणठणीत दिसणारा भाग पुढे भाराखाली तडकतो.

म्हणून छेदचित्र छापण्यापूर्वी आरेखकाने प्रत्येक भरलेल्या जागेवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारावा : येथे करवतीस धातू लागला का, आणि लागला असेल, तर तो भरीव आहे असे वाचणाऱ्याने समजावे काय? संगणकास बंदिस्त आकृती ओळखता येते. त्या आकृतीत लोखंड आहे की वारा, हे मात्र माणसालाच ठाऊक असते. शेकडो कोसांवर भट्टीपाशी उभा असलेला कारागीर त्या चार तिरप्या रेषांवर विश्वास ठेवून वितळलेला रस ओततो, आणि तो विश्वास राखणे हे आरेखकाचे कर्तव्य आहे.