मोठा पिंजरा पुरत नाही

१९८४ साली अमेरिकेतल्या सर्वांत वाईट दहा प्राणिसंग्रहालयांच्या यादीत अटलांटाचं नाव झळकलं. तिथला विली बी. हा गोरिला १९६१ पासून बंदिस्त पिंजऱ्यात एकटाच होता. सोबतीला लटकता टायर आणि एक टीव्ही. त्या यादीनंतर मात्र सूत्रं प्राणिवर्तनाचे अभ्यासक टेरी मेपल यांच्या हाती आली, कारभार महापालिकेकडून ना-नफा संस्थेकडे गेला आणि १९८८ मध्ये, तब्बल २७ वर्षांनी, विलीला मोकळं आवार मिळालं. पैसा ओतला की कुठलंही प्राणिसंग्रहालय सुधारेल, असं कुणी म्हणेल. पैसा लागतोच. पण नुसत्या पैशाने पिंजरा मोठा झाला असता, एवढंच. गोरिला कुटुंबात राहतो, हे ओळखून माद्यांची सोबत दिली, म्हणूनच १९९४ मध्ये विली बाप झाला.