चौथा महिना आणि घरची तयारी

गर्भारपणाचे नऊ महिने सर्वांच्या तोंडीं असतात. परंतु त्यांतील प्रत्येक महिन्याला घरांत सारखा मान मिळत नाहीं. पहिले तीन ओकाऱ्यांमुळें ध्यानांत राहतात, सातवा डोहाळजेवणामुळें आणि नववा धास्तीमुळें. चौथा मात्र मुकाट्यानें येतो आणि जातो. ओकाऱ्या थांबतात, फोडणीचा वास पुन्हा सोसूं लागतो, चेहऱ्यावर टवटवी येते. "आतां बरें वाटतें ना सूनबाई, मग झालें," असें म्हणून सासूबाई निश्चिंत होतात आणि सूनबाई पुन्हा पाण्याचा हंडा उचलते. वस्तुतः पुढील सर्व महिन्यांची सोय ज्या महिन्यांत लावतां येते, तो हाच होय.

प्रथम हिशेब पाहिला पाहिजे. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ते दिवस २८० भरतात, म्हणजे ४० आठवडे. कांहीं घरांत मात्र पाळी चुकल्या दिवसापासून बोटें मोजण्याची चाल आहे, आणि मग डॉक्टर म्हणतात पांचवा, आजी म्हणते चौथा, असा तंटा उभा राहतो. दोघांचेंहि खरें असतें. मोजणीचा आरंभ तेवढा निराळा. येथें डॉक्टरी हिशेब धरला आहे, म्हणजे अदमासें तेराव्या आठवड्यापासून सतराव्यापर्यंतचा काळ.

या सुमारास शरीरांत एक मोठा खांदेपालट पुरा झालेला असतो. आरंभीं गर्भ टिकवून धरणारा स्राव अंडाशयांतून येतो. पुढें तें काम वार आपल्याकडे घेते. गर्भाच्या आवरणांतून निघणाऱ्या दुसऱ्या एका स्रावाची रक्तांतील भरती आठव्या ते अकराव्या आठवड्यांत शिगेस पोंचते व मग तिला ओहोटी लागते. बहुतेक जणींच्या ओकाऱ्याहि त्याच्या मागोमाग सरतात. गर्भाशय ओटीपोटाच्या हाडामागून वर डोकावूं लागतें, आणि सोळाव्या आठवड्यांत त्याचा माथा तें हाड आणि बेंबी यांच्या मध्यावर हाताला लागतो. आंतील जीव तेव्हां डोक्यापासून बैठकीपर्यंत अकरा-बारा सेंटिमीटर लांब आणि वजनानें शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. तो हातपाय हालवीत असतो. परंतु पहिलटकरणीला त्याची जाणीव बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत होत नाहीं. तेव्हां चौथ्या महिन्यांत बाळ हालत नाहीं म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं.

डोहाळे हा शब्द संस्कृत 'दोहद' या शब्दावरून आला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत असें सांगितलें आहे कीं, चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें आणि त्यामुळें आई दोन हृदयांची होते. आजच्या ज्ञानाप्रमाणें हृदयाचें स्पंदन त्याच्या पुष्कळ आधीं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास, सुरू होतें. तरी आईच्या इच्छेकडे घरानें लक्ष द्यावें हा त्या विवेचनाचा रोख जुना झालेला नाहीं. चिंच, आवळा, कैरी हे डोहाळे कौतुकानें पुरवावे. एक डोहाळा मात्र कौतुकाचा नव्हे. भाजलेली माती, राख, खडू, पाटीवरची पेन्सिल असले पदार्थ कांहीं स्त्रिया चोरून खातात. ही खोड नव्हे. रक्तांतील लोहाच्या कमतरतेशीं तिचा वारंवार संबंध आढळतो. शाळकरी मुलाच्या दप्तरांतून पेन्सिली नाहींशा होऊं लागल्या, तर त्याला रागावण्यापूर्वीं घरांतील गर्भवतीचे डोळे आणि नखें पांढुरकीं तर दिसत नाहींत ना, तें पाहावें.

आणि या महिन्यांतील खरा प्रश्न हाच आहे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील गर्भवतींपैकीं ५२.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें आढळलें. गर्भारपणांत रक्ताचा पातळ भाग वाढतो, तांबड्या पेशी त्या मानानें कमी वाढतात. म्हणून थोडीशी घट स्वाभाविक आहे. पण शंभर मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खालीं गेलें कीं सावध व्हावें. प्रसूतीच्या वेळीं जो रक्तस्राव एखादी सहज सोसते, तोच रक्त कमी असलेलीच्या जिवावर बेततो. चौथ्या महिन्यांत ही उणीव कळली तर ती भरून काढण्यास अवधि असतो. गोळ्यांना गुण येण्यास आठवडेच्या आठवडे लागतात. नवव्यांत कळली तर गोळ्यांना वेळच उरत नाहीं, आणि शिरेंतून औषध देणें किंवा रक्त चढविणें यांवांचून गति नसते.

सरकारी आरोग्य केंद्रांत मिळणाऱ्या गोळींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतें. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणें निदान १८० दिवस ती घ्यावयाची, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. पुष्कळ घरांत ही गोळी चार दिवसांत बंद पडते, कारण शौचास काळें होतें आणि कोणी तरी म्हणतें, "बाई, उष्ण पडली." काळें होणें हें न शोषलेल्या लोहाचें लक्षण, त्यांत अपाय नाहीं. गोळी चहाबरोबर घेऊं नये, कारण चहा लोह शोषूं देत नाहीं. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास अधिक लागू पडते. कॅल्शियमची गोळी याच वेळेस सुरू होते. तिच्यांत आणि लोहाच्या गोळींत दोन तासांचें अंतर असावें. जंताचें औषधहि या तिमाहींत एकदां देतात, तें डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यावें.

खाण्याविषयीं दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक, दोन जिवांचें म्हणून दुप्पट खावें. दुसरें, कमी खाल्लें म्हणजे बाळ लहान राहून सुटका सुखाची होते. दुसरें मत अधिक घातक, कारण अडीच किलोच्या आंत वजन भरणारें बाळ नाजूक निघतें. खरी वाढीव गरज दिवसाला साडेतीनशें कॅलरींची आहे, म्हणजे एक जास्तीची भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. मात्र तें तिच्या पानांत पडलें पाहिजे. सर्वांत शेवटीं जेवणारणीच्या वांट्याला उसळीचा रस्साच येतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची विनामूल्य तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू असून चौथ्या महिन्यापासून पुढच्या स्त्रियांसाठींच ती आहे. वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन आणि रक्तगट यांची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर करून घ्यावी. पहिल्या बाळंतपणाला माहेरीं जावयाचें असेल तर हें कार्ड साडीइतकेंच अगत्यानें पेटींत ठेवावें. तेथील डॉक्टरांना आधीचें सारें त्यावरूनच कळतें. अठराव्या ते विसाव्या आठवड्यांत सोनोग्राफी होते, ती बाळाच्या अवयवांतील दोष पाहण्यासाठीं. मुलगा कीं मुलगी हें विचारणें आणि सांगणें दोन्ही गुन्हा आहे. महाराष्ट्रानें तसा कायदा १९८८ सालींच केला आणि १९९४ त संसदेनेंहि साऱ्या देशासाठीं तसा कायदा केला. अंगावरून रक्त जाणें, पोटांत जोराची कळ, ताप, अंगावरून पाणी जाणें यांपैकीं कांहींहि झालें तर ९ तारखेची वाट पाहूं नये.

आतां घराकडे वळावें. तयारी म्हटली कीं पाळणा, झबलीं, टोपडीं डोळ्यांपुढें येतात. पण त्याआधीं खोली लागते. जुन्या वाड्यांत बाळंतिणीची खोली म्हणजे सर्वांत अंधारी खोली; झरोका असला तर त्यालाहि बोळा. हेतु वाईट नव्हता, कारण तान्ह्या बाळाला स्वतःची ऊब नीट राखतां येत नाहीं. परंतु वाऱ्याचा झोत अंगावर न येणें वेगळें आणि हवाच न येणें वेगळें. त्यांत खाटेखालीं निखाऱ्यांची शेगडी आणि तींत ओवा, बाळंतशेपा यांची धुरी! बंद खोलींतील निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, म्हणून तो कोणास कळत नाहीं. धूर तर कोवळ्या फुप्फुसांना मुळींच सोसत नाहीं. आजीचा आग्रहच असला तर ओवा तव्यावर कोरडा भाजून त्याच्या पुरचुंडीनें आईची कंबर शेकावी. वास राहतो आणि धूर टळतो.

मुंबईच्या चाळींत स्वतंत्र खोली कोठून आणणार? तेथें ओल नसलेला, उजेडाचा एक कोपरा पुरतो. भिंतीचे जुन्या तेलरंगाचे पापुद्रे निघत असतील तर ते आतांच काढावे. अशा रंगांत शिसें असूं शकतें. खरवडण्याच्या दिवशीं मात्र गर्भवतीनें तेथें थांबूं नये. पाण्याचीं पिंपें आठवड्यांतून एक दिवस पार कोरडीं करावीं. डेंग्यूचा डांस सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांतच वाढतो.

बाळ जन्मण्यापूर्वीं त्याच्यासाठीं नवें कांहीं आणूं नये असा पुष्कळ घरांत संकेत आहे. त्यामागें पोळलेल्या मनांचा अनुभव आहे. त्याला हसूं नये. सुदैवानें नवें कांहीं लागतहि नाहीं. जुन्या सुती साड्या उकळून, उन्हांत वाळवून त्यांचीं दुपटीं आणि लंगोट करावे. चौथ्या महिन्यांत बसून शिवणें सोपें, आठव्यांत पाठ साथ देत नाहीं. मोहरीची उशी तेवढी शिवूं नये. तान्ह्या बाळाला उशी नकोच. सपाट, कठीणशा अंथरुणावर त्याला उताणें निजवावें. काजळाची डबी, मध आणि गुटी हींहि यादींतून वगळावीं. पहिला चीक आणि नंतर सहा महिने केवळ आईचें दूध, एवढेंच त्याचें अन्न.

पाळणा बहुधा कोणाच्या तरी माळ्यावर असतोच. तो आतां खालीं काढून त्याच्या दोऱ्या बदलाव्या. तुळईची कडी जुनी असेल तर तिला वीस किलो धान्याचें पोतें टांगून चार-आठ दिवस तसेंच ठेवावें, आणि मधून मधून झोका देऊन पाहावा.