यादव टिकले असते तर : पर्यायी इतिहासकथनाची एक कसोटी

देवगिरीचे यादव टिकले असते तर मराठीला तेराव्या शतकापासून अखंड राजाश्रय लाभला असता, हे विधान मराठवाड्यातील वर्गांतून व व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. घनसावंगीच्या परिसरात, गोदावरीच्या उत्तरेस, ते अधिकच जिव्हाळ्याने केले जाते. देवगिरी आणि पैठण ही नावे येथे घरातलीच आहेत. या विधानामागील भावना समजण्यासारखी आहे. तथापि ते वाङ्मयेतिहासाविषयीचे विधान असल्याने त्याची तपासणी व्हावयास हवी.

घडलेल्या इतिहासातील एखादी घटना वेगळी घडली असे गृहीत धरून पुढील क्रम तर्काने रचणे म्हणजे पर्यायी इतिहासकथन. मराठीतील त्याचे ठळक उदाहरण म्हणजे जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. १७६१ च्या रणांगणात विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे चुकते, आणि पेशवाई टिकते. लेखकाने बदल एवढाच केला आहे. पुढे पेशव्यांचा प्रभाव वाढतो, इंग्रजांचा आकुंचन पावतो. पण कालांतराने लोकशाही येते, पेशव्यांची सत्ता ओसरते आणि दिल्लीचे तख्त नावापुरते उरते. टिकलेले घराणे म्हणजे टिकलेले वैभव, असे या कथेत मानलेले नाही. तिची शिस्त येथेच दिसते.

यादवांच्या बाबतीत ही ‘गोळी’ कोणती? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तेव्हा युवराज शंकरदेव सैन्यासह दूर होता. किल्ल्यात घाईने नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे फिरिश्ता सांगतो. अर्थात तो तीन शतकांनंतरचा लेखक आहे, आणि ही हकीकत जरा जास्तच नेटकी वाटते. तरीही तिच्या आधाराने प्रश्न विचारता येतो. पोत्यांत धान्य असते तर? किल्ला लढत राहिला असता, अल्लाउद्दीनला खंडणीविना परतावे लागले असते. येथवर तर्क सुरक्षित आहे. परंतु देवगिरीच्या याच द्रव्याच्या बळावर अल्लाउद्दीनने चुलत्याचा खून केल्यानंतर दिल्लीचे तख्त मिळविले. ते द्रव्य नसते तर दिल्लीचा सुलतान कदाचित दुसराच कोणी झाला असता. आणि पुढील दशकातील मंगोल स्वाऱ्या त्याने परतवून लावल्या असत्या की नाही, हे सांगणे अशक्य होते. एक पोते बदलले की उत्तर हिंदुस्थानही बदलतो. ‘यादव टिकले असते’ असे म्हणणारे मात्र बाकी सर्व जग जागच्या जागी ठेवून केवळ देवगिरीचे सिंहासन वाचवितात.

हंगेरीशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथील आर्पाद घराणे १३०१ मध्ये, तिसरा अंद्राश निवर्तल्यावर, पुरुष वंशात संपले. परंतु संत इश्टवानच्या मुकुटाभोवती उभे असलेले राज्य संपले नाही. परकी घराणी त्याच मुकुटाखाली राज्य करू लागली. देवगिरीस १३१८ मध्ये रामचंद्राचा जावई हरपालदेव मारला गेला आणि घराण्याबरोबर राज्यही गेले. म्हणूनच आपल्याकडे घराण्याच्या अस्तावर भाषेच्या भवितव्याचे ओझे टाकले जाते.

परंतु एका अर्थाने यादव टिकलेही होते. १२९६ नंतर रामचंद्र मांडलिक म्हणून राज्य करीत राहिला. खंडणी थकल्यावर मलिक काफूरने त्यास दिल्लीस नेले. तेथून ‘राय-इ-रायान’ हा किताब घेऊन तो परतला आणि काफूरच्या दक्षिणेकडील मोहिमांस त्याने साहाय्य केले. टिकण्याचा हा प्रत्यक्ष नमुना पर्यायी इतिहास रचणाऱ्यांच्या नजरेतून सहसा निसटतो.

आता राजाश्रयाचा मुद्दा. सिंघणाच्या आश्रयाने झालेला शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ संस्कृतात आहे. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ही संस्कृतातच. यादवांचे कित्येक शिलालेख कन्नडमध्ये आहेत. मराठी शिलालेख उत्तरकाळात वाढतात, हे खरे. पण तत्कालीन श्रेष्ठ मराठी वाङ्मय राजसभेबाहेर निर्माण झाले. ‘लीळाचरित्र’ महानुभावांच्या परिवारात ऋद्धिपुरास सिद्ध झाले, ‘ज्ञानेश्वरी’ १२९० मध्ये नेवाशास. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस रामचंद्राचा गौरवाने उल्लेख येतो. परंतु उल्लेख म्हणजे आश्रय नव्हे. ‘रुक्मिणीस्वयंवर’ आपल्या नावे करून द्यावे ही राजाची इच्छा नरेंद्राने नाकारली, अशी महानुभाव परंपरा आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, दरबाराच्या मोहापासून कवीने दूर राहावे ही धारणा तीत स्पष्ट दिसते. यादव आणखी दोनशे वर्षे राहिले असते तर संस्कृत शास्त्रग्रंथांत भर पडली असती, असे म्हणण्यास पुरावा आहे. मराठीविषयी तसे म्हणण्यास तो अपुरा पडतो.

उलट, जे घडले त्याचाही हिशेब द्यावा लागतो. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच देवगिरीवर, निजामशाहीच्या चाकरीत किल्लेदार होते, असे परंपरा सांगते. त्यांच्या शिष्याने १५८४ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १६०८ मध्ये, आजच्या घनसावंगी तालुक्यातील जांब येथे समर्थ रामदासांचा जन्म झाला. पोत्यातील मीठ बदलणाऱ्याने पैठणचा हा शिष्य आणि जांबचा हा मुलगा आपल्या रचलेल्या इतिहासात कोठे बसतात, हेही दाखवावयास हवे.