बाळ मान धरत नाही तेव्हा : फिजिओथेरपी कुठून सुरू करावी, घरी काय करावं

बाळ चार महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नाही किंवा दीड वर्षाचं होऊनही चालत नाही, तर आपण आणखी वाट पाहू नये. ‘त्याचा मामाही उशिराच चालला होता’ हे वाक्य बारामती-इंदापूरच्या घराघरांत ऐकू येतं, आणि त्या एका वाक्यापायी कितीतरी मुलांचं पहिलं वर्ष हातचं जातं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू झपाट्यानं वाढतो. नव्या हालचाली शिकण्याची त्याची तयारी तेव्हाच सर्वांत जास्त असते.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना तेवढे आठवडे वजा करावेत. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवावी.

एक खूण हमखास नजरेतून सुटते. वर्षाच्या आतलं बाळ खुळखुळा नेहमी एकाच हातानं घेतं, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेलीच असते, आणि घरचे कौतुकानं म्हणतात, ‘डावखुरा होणार!’ एवढ्या लहान वयात बाळ कुठल्याही एका हाताचं नसतं. दुसरा हात वापरला जात नसेल तर तो तपासून घ्यायला हवा.

पहिली पायरी गावातच आहे. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगावं. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळानं काय करावं हे छापलेलं असतं, ते त्यांच्यासोबत पाहावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं. हा कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. विकासात मागे असलेल्या मुलाला हे पथक पुढे पाठवतं आणि त्याचा खर्च पालकांवर पडत नाही. पथक येईपर्यंत थांबायचं नसेल तर इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय, बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय किंवा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जवळच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

जाताना जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कागद न्यावा. बाळ लगेच रडलं का, वजन किती होतं, काचेत ठेवलं होतं का, कावीळ वाढली होती का, झटके आले होते का, हे सगळं विचारलं जाईल. कारण हालचालींच्या अडचणींमागे अनेकदा सेरेब्रल पाल्सी असते. वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा लगेच नंतर झालेल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो, त्याला हे नाव. इजा पुढे वाढत नाही. पण हाडं वाढतात आणि ताठर स्नायू त्यांच्या वेगानं लांब होत नाहीत, म्हणून दुर्लक्ष झालं तर हातपाय आखडत जातात. आजाराचं नाव पक्कं व्हायला कधी महिने लागतात. तोवर व्यायाम अडवून ठेवू नयेत.

फिजिओथेरपिस्ट, म्हणजे हालचालींचे उपचार करणारे तज्ज्ञ, पहिल्या भेटीत बराच वेळ नुसतं पाहत बसतील. बाळ कुशीवर कसं वळतं, हात पुढे येतो का, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात का. मग ते एखादं छोटं ध्येय ठरवतील, जसं ‘महिनाभरात आधारानं बसून दोन्ही हातांनी वाटी धरणं’. इथेच पालकांचा हिरमोड होतो, कारण त्यांना ‘चालेल कधी’ एवढंच ऐकायचं असतं. ती ओढ कुणालाही समजेल. पण धड सावरल्याशिवाय पाय उभे राहत नाहीत.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीनं सांगायची आहे. खरी थेरपी दवाखान्यातल्या अर्ध्या तासात होत नाही, ती घरी, दिवसभर होते. तिथे शिकायचं आणि घरी करायचं. जोरदार मालीश हा व्यायाम नव्हे. त्यात बाळ नुसतं पडून असतं. मेंदू शिकतो ते बाळानं स्वतः केलेल्या हालचालीतून.

बाळ जागं असताना त्याला पालथं ठेवावं, छातीखाली गोधडीची छोटी वळकटी द्यावी आणि समोर आपला चेहरा किंवा चकाकती वाटी धरावी. ती पाहायला बाळ मान उचलेल. पहिल्यांदा मिनिटभरात रडेल. थांबावं, आणि थोड्या वेळानं पुन्हा घ्यावं. झोळीत झोपवायला हरकत नाही, पण जागेपणीही तासन्‌तास झोळीतच राहिलं तर हलायला वावच उरत नाही.

कडेवर घेण्याची आपली रीत या मुलांसाठी उत्तम आहे. दोन्ही पाय फाकून कंबरेवर बसवलं की आवळलेल्या मांड्या मोकळ्या होतात. लंगोट बदलताना मात्र घोटे धरून पाय ओढू नयेत, त्यानं ते आणखी आवळतात. आधी गुडघे पोटाकडे वाकवावेत आणि मग मांड्या हळूहळू उघडाव्यात. अंगडं घालताना ताठर हात आधी घालावा, काढताना तो शेवटी काढावा.

आडवं करून भरवू नये. बसवून, मान किंचित पुढे ठेवून, चमचा समोरून द्यावा. खाताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावंच.

बाजारात मिळणारा चाकांचा वॉकर, ज्यात मूल आत बसतं, तो आणू नये. त्यात मूल चवड्यांवर पाय मारत पुढे जातं, तोल सांभाळायला शिकत नाही आणि पडण्याचा धोका वेगळाच. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा चांगला, कारण त्यात मूल मागे उभं राहून स्वतःच्या पायांवर भार घेतं. तोही थेरपिस्टनी होकार दिल्यावरच द्यावा.

पायाला स्प्लिंट दिली, म्हणजे पाऊल सरळ ठेवणारा साचा, तर आत सुती मोजा घालावा. काढल्यावर त्वचा पाहावी. लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर साचा टोचतोय, तो दुरुस्त करून घ्यावा. मूल वाढतं तसा साचा लहान पडतो. न चालणाऱ्या मुलांचा खुबा हळूहळू निसटू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळानं काढायचा असतो. ही तपासणी सर्वांत जास्त राहून जाते.

उपचारांत खंड पडतो तो ऊसतोडीच्या हंगामात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांवर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांतली मुलं इथे उपचार सुरू करतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी परततात. अशा वेळी निघण्यापूर्वी थेरपिस्टकडून व्यायाम आपल्या मोबाइलवर चित्रित करून घ्यावेत, आणि फाइल मुलासोबतच न्यावी. गावी गेल्यावर तिथल्या आशाताईंना ती दाखवावी.

कागदपत्रांत दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करावा. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. तिचं कवच 1 लाख रुपयांपर्यंत आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे.

शाळेचं वय झालं की जवळच्या शाळेतच नाव घालावं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 6 ते 18 वर्षांच्या मुलांना तो हक्क दिला आहे. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची मदत मागावी, आणि वर्गशिक्षकांशी बसण्याच्या जागेबद्दल आधीच बोलावं. बाकावर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली लाकडी पाट ठेवावा. पाय अधांतरी राहिले की मुलाची ताकद तोल सांभाळण्यातच जाते, पेन्सिल धरायला हात मोकळा उरत नाही.