हृदय कमकुवत झाले म्हणून खाट धरू नका

वस्तीत कुणाला 'हार्ट फेल्युअर' असल्याचे कळले की घर घाबरते. 'फेल' हा शब्दच तसा आहे. मग आजारी माणसाला उठू देत नाहीत, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात. माझ्या ओळखीच्या एका काकांना घरच्यांनी असेच सात-आठ महिने खाटेवर बसवून ठेवले होते. मुलगा आणि सून सगळे मायेनेच करीत होते. पण पुढे काकांना संडासाला जाऊन येतानाही धाप लागू लागली. सर्वांना वाटले, आजार वाढला. डॉक्टरांनी तपासले तर हृदय होते तसेच होते, बसून बसून पायांची ताकद गेली होती.

आजार काय आहे?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाचा पंप कमकुवत किंवा ताठर होतो आणि शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलत नाही. त्यामुळे धाप लागते, पाय सुजतात, थकवा येतो. हार्ट अटॅक, वर्षानुवर्षांचा बीपी, साखर, दारू ही याची कारणे. दाटीवाटीच्या वस्तीत आणखी एक कारण दिसते. लहानपणी घसा दुखून संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात.

व्यायामाने काय होते?

पूर्वी डॉक्टरही अशा रुग्णाला विश्रांतीच सांगत. 1990 साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना घरीच व्यायामाची सायकल चालवायला लावली. काही आठवड्यांत त्यांचा दम वाढला. नंतर अमेरिका, कॅनडा व फ्रान्समधील 2331 रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. नीट औषधे घेणाऱ्या, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना व्यायाम सुरक्षित आहे, हे त्यातून दिसले. आयुष्य किती वाढते याचे उत्तर तितके ठाम नाही. पण चालण्याची ताकद वाढते, रोजचे जगणे सुसह्य होते आणि दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी येते.

व्यायामाने पंप पहिल्यासारखा होतोच असे नाही. पण पायांचे स्नायू आलेल्या रक्तातून जास्त प्राणवायू घ्यायला शिकतात, रक्तवाहिन्या सैल होतात. तेवढ्याच रक्तात जास्त काम होते.

सुरुवात कशी करावी?

आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मी चालू का? किती चालू?" ईसीजी, इको झालेला असावा. परवानगी मिळाली की:

1. सपाट जागी 5 ते 10 मिनिटे, दिवसातून दोनदा चाला. सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटे अगदी हळू. एकदम थांबू नका.
2. दर तीन-चार दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवा. हळूहळू आठवड्यातून 5 दिवस, 30 मिनिटांपर्यंत जा. मध्ये बसून दम घेतला तरी चालेल.
3. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले तर वेग कमी करा. काही गोळ्यांनी नाडी मंदच राहते, म्हणून केवळ नाडी मोजून अंदाज घेऊ नका.
4. पाय स्थिरावले की भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून 5 ते 10 वेळा उठा-बसा. उठताना श्वास सोडा. श्वास रोखून जोर करू नका.
5. जेवणानंतर लगेच आणि भर उन्हात चालू नका.

बाया म्हणतात, "ताई, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?" भरलेला हंडा उचलताना श्वास रोखला जातो, हृदयावर एकदम ताण येतो. ते श्रम आहेत, हा व्यायाम नव्हे. आजारी बाईचा हंडा घरातल्या पुरुषाने उचलावा आणि तिला चालायला अर्धा तास मोकळा द्यावा.

केव्हा थांबावे?

छातीत दुखले, चक्कर आली, छातीत फार धडधडले किंवा दम आवरेना, तर लगेच थांबा. थोडे बसूनही बरे वाटले नाही तर 108 ला फोन करा. बसल्या जागी धाप असेल, ताप असेल, पायांची सूज वाढली असेल तर त्या दिवशी व्यायाम नको. रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढले तर अंगात पाणी साठते आहे, डॉक्टरांना दाखवा. चालून बरे वाटले म्हणून गोळी बंद करायची नाही. पापड, लोणचे, खारवलेला सुका बोंबील यांतले मीठही आवरा.

विहार आपलेच आहे

बोधिप्राप्तीनंतर तथागतांनी जिथे चंक्रमण केले, ती जागा बोधगयेला आजही दाखवतात. चंक्रमणाचे पाच लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत, त्यांत आजार कमी होणे आणि अन्न नीट पचणे हेही आहे. वस्तीत चालायला जागा नाही, गल्लीत गाड्या आणि गटार, हे मला माहीत आहे. पण विहाराचे आवार सकाळी रिकामे असते. वंदनेनंतर चार-पाच जणांनी मिळून तिथे फेऱ्या माराव्यात. एकट्याचा नेम तुटतो, सोबतीने टिकतो. आणि व्यायाम सुटला की कमावलेली ताकद काही आठवड्यांत उतरते.

त्या काकांनी दाराच्या चौकटीपासून गल्लीच्या टोकापर्यंत सुरुवात केली. सून सोबत चालायची. तीन महिन्यांनी ते एकटे, हळूहळू, नाक्यावरून वर्तमानपत्र घेऊन आले. तुमच्या घरातही कुणी खाटेवर बसून असेल तर याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि चालण्याबद्दल विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!