दोन गाळण्या

आईचा रक्तगट ए, मुलाचा ओ. आई किडनी द्यायला तयार असते. पण ए गटाविरुद्धची प्रतिपिंडं मुलाच्या रक्तात पाळण्यातल्या वयापासून असतात. तशीच किडनी बसवली, तर काही मिनिटांत किंवा तासांत ती काळीनिळी पडून निकामी होऊ शकते.

ब्रुसेल्सच्या गी अलेक्झांद्र यांनी १९८० च्या दशकात या अडचणीवर पद्धतशीर वाट काढली. प्रतिपिंडांसकट प्लाझ्मा काढायचा, वर प्लीहाही काढून टाकायची. जपानने १९८९ पासून ही वाट नेटाने धरली. तिथे मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचा कायदाच १९९७ मध्ये आला, त्यानंतरही असे दाते मोजकेच. किडनी द्यायची ती घरच्यांनीच, आणि घरात रक्तगट जुळेलच असं नाही. पुढे रिटुक्सिमॅब हे औषध आलं आणि प्लीहा वाचली.

प्रतिपिंडं गाळणारं खाटेशेजारचं यंत्र डायलिसिसच्या मशीनसारखंच दिसतं, काम मात्र वेगळं. त्याच्या पहिल्या गाळणीत पोकळ धाग्यांचा जुडगा असतो. पेशी आतच राहतात, पिवळसर प्लाझ्मा बाहेर झिरपतो. तो जातो दुसऱ्या, अधिक बारीक गाळणीत. तिथे आयजीएम, आयजीजीसारखे प्रतिपिंडांचे मोठे रेणू अडतात आणि लहान अल्ब्युमिन बरंचसं रुग्णाकडे परत जातं. सगळा प्लाझ्मा फेकावा लागत नाही, हे मला या रचनेतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेनही अडतं, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात.

एका बैठकीत भागत नाही. निम्म्याहून अधिक आयजीजी रक्ताबाहेर ऊतींमध्ये असतं. आज गाळलं, तरी उद्या पुन्हा रक्तात उतरतं. म्हणून एकाआड एक दिवस फेऱ्या. दर वेळी टायटर, म्हणजे प्रतिपिंडांची पातळी, पाहायचा: १:२५६, १:६४, १:३२. अनेक केंद्रं १:८ च्या आसपास आल्यावरच शस्त्रक्रियेला हात घालतात. तोवर घरच्यांचा जीव त्या एका आकड्यात अडकलेला असतो.

आपल्याकडे अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांमधल्या दात्यांच्या अदलाबदलीला जागा दिली. जोडी मिळत असेल तर ती आधी पाहावी, असं मला ठामपणे वाटतं. खर्चही वाचतो, जंतुसंसर्गाची धास्तीही कमी. नाहीतर या दोन गाळण्या आहेतच.

प्रत्यारोपणानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत नाजूक. त्यानंतर प्रतिपिंडं परतली, तरी बहुतेकदा किडनी टिकते. बायोप्सीत सी४डी हे प्रतिपिंडांच्या माऱ्याचे ठसे दिसतात, आणि तीच किडनी निमूटपणे लघवी करत असते.