मुखत्यारास दार बंद कां?

आज ज्या अडचणीविषयीं बोलावयाचें आहे, ती लिनक्सवर काम करणाऱ्या पुष्कळांना केव्हांना केव्हां भेटते. एकाद्या संकेतस्थळाच्या पुढें एचएप्रॉक्सी नांवाचा कार्यक्रम बसविलेला असतो. विली तारो यांनीं तो २००१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. त्याचें काम मुखत्याराचें: बाहेरून आलेली मागणी आपण घ्यावयाची आणि मागील यंत्रांपैकीं योग्य त्या यंत्राकडे पोंचवावयाची. आतां व्यवस्थापकाला मुखत्याराच्या कामाचा अहवाल पाहावयाचा आहे. त्यासाठीं तो आणखी एक पोर्ट, म्हणजे संगणकाचें क्रमांक दिलेलें एक दार, उघडूं पाहतो. समजा, ८४०४ क्रमांकाचें. सूचना लिहिल्या, तपासल्या. चूक निघाली नाहीं. सेवा बंद करून पुन्हा सुरू केली, तों ती उठतच नाहीं. उत्तर येतें, 'परवानगी नाकारली.' एका नव्या दारापायीं जुनीं दारेंही मिटलीं आणि सारें संकेतस्थळ बंद पडलें.

व्यवस्थापक बुचकळ्यांत पडतो. तो स्वतः 'रूट' आहे, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. तोच कार्यक्रम तो हातानें चालवून पाहतो, आणि नवल असें कीं, तो विनातक्रार चालतो! सिस्टिमडीकडून सुरू केला कीं मात्र पुन्हा नकार. या विसंगतींतच रोगाचें निदान आहे.

रेड हॅट एंटरप्राइज व फेडोरा या लिनक्सांत एसई-लिनक्स नांवाची संरक्षणव्यवस्था असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें ती २००० सालीं सर्वांसाठीं खुली केली आणि २००३ पासून ती लिनक्सच्या मुख्य गाभ्यांत आहे. जुनी पद्धत एवढेंच विचारी कीं, मागणारा कोण? ही व्यवस्था विचारते कीं, मागणाऱ्याचें काम कोणतें? प्रत्येक चालत्या कार्यक्रमाला आणि प्रत्येक दाराला तिनें एक खूण दिलेली असते. कोणत्या खुणेच्या कार्यक्रमानें कोणत्या खुणेच्या दारावर बसावें, हें धोरणांत लिहिलेलें असतें. लिहिलेलें नसेल तें नाकारलें जातें, मग मागणारा रूट कां असेना. ८० व ४४३ या दारांवर 'एचटीटीपी'ची खूण आहे, म्हणून मुखत्यार तेथें बसूं शकतो. ८४०४ हें सामान्य दारांच्या ढिगांतलें. सिस्टिमडीनें उठविलेल्या एचएप्रॉक्सीला त्याची स्वतःची मर्यादित खूण मिळते. हातानें चालविलेल्याला चालविणाऱ्याची मोकळी खूण मिळते. म्हणून एक अडतो, दुसरा अडत नाहीं.

अनुमानावर मात्र विसंबूं नये. 'पत्ता आधींच वापरांत आहे' असें उत्तर आलें, तर दोष निराळा: त्या दारावर दुसरा कोणी बसला आहे. 'परवानगी नाकारली' असें आलें, तर ऑडिटची नोंदवही उघडावी. 'ऑसर्च' ही आज्ञा तींतले नकार वेंचून देते. नोंदींत कोणी मागितलें, कोणत्या क्रमांकाचें दार मागितलें आणि दाराची खूण कोणती, हें स्पष्ट असतें. 'नेम-बाइंड' असा शब्द असेल तर दारावर बसण्यास नकार आहे. 'नेम-कनेक्ट' असेल तर मागील यंत्राच्या दाराकडे जाण्यास.

आतां उपाय. घाईच्या वेळीं 'सेटएन्फोर्स शून्य' म्हणून पहारा शिथिल करण्याचा मोह होतो. मग नोंदी होत राहतात, पण अडवणूक थांबते. निदान पक्कें करण्यास हें क्षणभर ठीक; उपाय म्हणून नव्हे. एक तर यंत्र पुन्हा सुरू होतांच पहारा परत येतो आणि बंद पडलेली सेवा भलत्याच रात्रीं पुन्हा बंद पडते. दुसरें, त्या एका दारापायीं यंत्रावरील सर्वच कार्यक्रमांवरचा पहारा उठतो. 'एचएप्रॉक्सी-कनेक्ट-एनी' ही कळ त्याहून बरी, तरी तीही या मुखत्याराला सर्व दारें मोकळीं करते. योग्य उपाय लहान आहे: 'सेमॅनेज पोर्ट' या आज्ञेनें ८४०४ या एकाच टीसीपी दाराला एचटीटीपीची खूण द्यावी आणि सेवा सुरू करावी. ही नोंद कायम टिकते.

एक सावधगिरी हवी. ज्या दारावर दुसऱ्या कामाची खूण आधींच आहे, उदाहरणार्थ मायएसक्यूएलचें ३३०६, त्याची खूण बदलूं नये. नाहीं तर तेथील हक्काचा कार्यक्रमच उंबऱ्याबाहेर राहील. शक्य तर दुसरें दार निवडावें.

मुखत्यार हा साऱ्या बाहेरच्या जगाला तोंड देणारा. त्यालाच कोणी उद्यां फितविलें, तर तो कोठवर पोंचेल, हें याच खुणा ठरवितात. म्हणून पहारेकऱ्यानें अडविलें, तर त्याला हांकलूं नये. त्याची वही वाचावी आणि तींत हवी ती एक ओळ घालावी.